पोरींची पांदण

कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की अकोल्याबाहेरच्या रस्त्यावरच्या बाभळी पांढऱ्या दिसायला लागतात. ठासून भरलेल्या ट्रकांमधून उडालेले पुंजके काट्यांत अडकतात आणि कितीतरी दिवस तिथेच राहतात. दिवाळी नुकतीच उरकलेली असते. सकाळच्या हवेला धार आलेली असते, स्कूटीच्या हँडलवर बोटं गारठतात आणि मला उगाचच राग यायला लागतो. उगाचच, असं मी घरात सांगते. नवऱ्याला हे आता पाठ झालंय. "आला का तुझा कापसाचा मोसम," असं म्हणून तो चहाचा कप माझ्यापुढे सरकवतो आणि बाजूला होतो.

मी अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवते. सकाळी फाटकावर शिट्टी घेऊन उभं राहायची पाळी बहुतेक वेळा माझ्यावरच येते, कारण माझा आवाज मोठा आहे आणि रिक्षावाले मला जरा वचकून असतात. एका रिक्षात किती मुलं मावतात, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना टेकलेली, मागच्या आडव्या फळीवर दाटीनं बसलेली, आणि दप्तरं बाहेर लटकलेली. त्यांच्यामागे काचा लावलेल्या मोठ्या गाड्या, आणि एकेका गाडीत एकेकच मूल. काहींची घरं तर इतकी जवळ आहेत की आईनं गच्चीवरून हाक मारली तर वर्गात ऐकू येईल. तरी गाडीच. विचारलं तर म्हणतात, मॅडम, रस्त्यावर गाड्या किती वाढल्यात, पायी कसं पाठवायचं? त्या वाढलेल्या गाड्या कुणाच्या, हे विचारायची सोय नसते.

यंदा शाळेनं ठरवलं की आठवड्यातून एक दिवस मुलांनी सायकलनं किंवा पायी यायचं. फाटकावर एक मोठं चित्र लागलं. हसरा मुलगा, हिरवी सायकल, मागे डोंगर. अकोल्यात डोंगर कुठून आणले कोण जाणे. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून सांगितलं, "तुम्ही वलगावकडच्या. सायकलनं शाळा केलेल्या. सुरक्षित आणि पर्यावरणपूरक प्रवासावर तुम्हीच बोला, अनुभवाचं येईल." मी हो म्हणून बसले. मग रोज रात्रीच्या जेवणानंतर कागद पुढे घ्यायची आणि तसाच बाजूला ठेवायची. कारण माझा सायकलचा अनुभव फक्त एका हिवाळ्याचा आहे, आणि तो मुलांना सांगण्यासारखा नाही.

आमचं गाव वलगावपासून आडवळणाला. गावातली शाळा सातवीपर्यंत, पुढे हायस्कूलला वलगाव गाठायचं. त्याला दोन वाटा. एक मोठ्या रस्त्यानं, परतवाड्याकडून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेतून. दुसरी वावरांमधून, पांदणीची. पांदण म्हणजे शेतांच्या मधून जाणारी गाडीवाट. जुन्या माणसांच्या म्हणण्याप्रमाणे तिच्यातून कधीकाळी दोन बैलगाड्या समोरासमोर निघायच्या. आमच्या लहानपणी मात्र एकटा माणूससुद्धा बाभळीचे काटे चुकवत, आडवा होत चालायचा. पांदण अशी एका दिवसात मरत नाही. दोन्ही बाजूंचे शेतकरी दर पेरणीला एकेक तास, म्हणजे पेरणीची एकेक ओळ, तिच्यात पुढे सरकवतात. धुरा, म्हणजे बांध, कोरणं म्हणतात याला. आमच्या वऱ्हाडात बाप पोराला वखर धरायला शिकवतो तेव्हा हेही शिकवून ठेवतो, न बोलता.

मी आठवीत गेले त्या वर्षी आम्हा मुलींना सरकारी सायकली मिळाल्या. उंच, जड, आणि बसलं की पाय जमिनीला न टेकणाऱ्या. आम्ही पाच-सहा जणी होतो. त्यांत माझी जिवाभावाची निलोफर. तिचे अब्बा, रहीमचाचा, गावातले एकुलते एक पिंजारी. गाद्या-रजया भरायचे. त्यांच्या घरात शिरलं की श्वासातून कापूस आत जायचा. निलोफरच्या भुवयांवर, वेणीत, कोपरांवर सगळीकडे बारीक पांढरी लव असायची, आणि शाळेत पोरी तिला म्हातारी म्हणून चिडवायच्या. सायकलींची सीटं टणक होती. रहीमचाचांनी उरल्यासुरल्या कापसाच्या छोट्या गाद्या शिवून आम्हा सगळ्यांच्या सीटांना बांधून दिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. पोरीला शाळेत जायचंय एवढ्या आनंदात ते महिनाभर दिसतील त्याला सांगत सुटले होते, "माही पोरगी वलगावले चालली, भाऊ."

सुरुवातीला आम्ही मोठ्या रस्त्यानं जायचो. डांबराच्या कडेला हातभर खडीची पट्टी, ती आमची. ट्रक जवळून गेला की वाऱ्यानं सायकल आत ओढली जायची. दिवाळीच्या सुमाराला संत्र्याच्या गाड्या सुरू झाल्या. त्यांतल्याच एका गाडीची मागची साखळी की दोर काहीतरी निलोफरच्या कॅरिअरला लागलं आणि ती सायकलीसकट खाली नालीत गेली. ट्रकवाला थांबला नाही. तिचा कोपर फुटला, ओढणी फाटली, आणि ती नालीतून वर येताना हसत होती, हे मला अजून कळलेलं नाही कसं. घरी मात्र रहीमचाचा हसले नाहीत. ते माझ्या आईपाशी येऊन ओसरीच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, शिकवाचं तं हाय मले तिले. पण मोठ्या रोडनं आता धाडत नाही. अन् काळीपिवळीत तं जीपच्या बाहेर माणसं लटकून राहतात, तिच्यात पोरीले कसं बसवू?"

आईनं त्यांना चहा दिला आणि काही बोलली नाही. आई गप्प बसली की घरात आम्ही सगळे सावध व्हायचो.

दोन-चार दिवसांत आमच्या वावरात सीतादही होती. कापसाच्या पहिल्या वेचणीआधीची पूजा. फुटलेल्या पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, झाडं एकमेकांना बांधायची, हळदकुंकू वाहायचं, दहीभात शिंपडायचा आणि मग पहिला कापूस ओटीत घ्यायचा. आमचं वावर पांदणीला लागून, आणि पांदणीच्या पलीकडे देवरावकाकांचं. तेही आले होते, दरवर्षी यायचे. आईनं पूजा केली, दहीभाताचा हात तसाच ठेवला आणि बाबांना म्हणाली, "पांदण खुली करून द्या. पोरीयले जाऊ द्या तिच्यातून."

बाबा हसले. "आता इथी काय हे?"

"इथीच. पऱ्हाटीपुढं बोला, म्हणजे ध्यानात राहीन."

बाबांचा स्वभाव दिलदार. चार माणसांत त्यांना नाही म्हणता येत नसे, आणि त्या दिवशी वावरात चारपेक्षा पुष्कळ जास्त माणसं होती. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली आणि मोठ्यानं म्हणाले, "पांदण पोरींची. आजपासून मी तिच्यात वखर घालणार नाही. काय, देवराव?" देवरावकाका म्हणाले, "माहाही शब्द." मी बाबांकडे पाहत होते. मला तेव्हा वाटलं होतं की अख्ख्या वऱ्हाडात असा बाप दुसऱ्या कुणाला नसेल.

मग बाभळी तुटल्या. दोन्हीकडच्यांनी आपापल्या वावरातले तीन-चार तास सोडले, त्यातली उभी पऱ्हाटी सुद्धा उपटली. आम्ही मुलींनी काटे गोळा केले, पायात मोडून घेतले, एकमेकींचे काढले. काळ्या मातीच्या भेगा घमेल्यानं माती टाकून बुजवल्या. आणि एका सकाळी आम्ही पांदणीनं निघालो.

तो हिवाळा मला मिनिटामिनिटानं आठवतो असं म्हटलं तर खोटं होईल. मला त्याचे वास आठवतात. तुरीच्या पिवळ्या फुलांवर बसलेलं दव, ओल्या मातीवर सायकलचं रबर घासल्याचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या मिरचीच्या ठेच्याचा वास. हरभरा वाढला तेव्हा त्याची आंब सलवारच्या कडांना लागायची आणि वर्गात बसलं तरी पायाला आंबटसर चुरचुरायचं. थोडं पुढे गेलं की रोही, म्हणजे नीलगाई, दिसायचे. घोड्याएवढे उंच, आमच्याकडे बघत उभे, आणि साखळीचा आवाज आला की पऱ्हाटी मोडत पळायचे. सकाळी हँडल इतकं गार असायचं की आम्ही बाह्या ओढून बोटांवर घ्यायचो. मोर्शीची मावशी संत्री पाठवायची, ती आम्ही चालत्या सायकलवर सोलायचो आणि सालींचा रस एकीच्या डोळ्यांत दुसरीनं उडवायचा असा नियमच होता.

निलोफर सगळ्यांत पुढे असायची. पेडल मारता मारता ती विज्ञानाच्या व्याख्या मोठ्यानं म्हणायची, आणि तूर कापणाऱ्या बाया कंबर सरळ करून ऐकायच्या. "काय म्हणून राहिली व ते?" एकीनं विचारलं होतं. "गुरुत्वाकर्षण, काकू," असं ती ओरडली आणि त्याच वेळी साखळी उतरून धप्पकन पडली. बाया वाकून वाकून हसल्या. भूमिती मला वलगावच्या सरांनी कमी आणि निलोफरनं जास्त शिकवली. पांदणीच्या मध्यावर आम्ही दम खायला थांबायचो, तिथे ती काडीनं मातीत त्रिकोण काढायची. "हे दोन कोन सारखे, दिसते ना तुले? मंग कावून घाबरतं?" आज मी मुलांना तोच प्रश्न तशाच सुरात विचारते, फक्त पुस्तकी मराठीत.

त्या हिवाळ्यात आमच्यातली एकही मुलगी शाळेला उशिरा पोचली नाही. कुणाला ट्रकाची भीती नव्हती, पेट्रोल नव्हतं, धूर नव्हता, कुणाच्या भावानं सोडायला यायची गरज नव्हती. हल्ली व्याख्यानांमधून ज्याला सुरक्षित आणि पर्यावरणपूरक म्हणतात ते सगळं त्या मातीच्या वाटेवर होतं, आणि त्यासाठी सिमेंटची एक पाटीही लागली नव्हती. दोन माणसांनी आपापला वखर आवरला होता, बस्स.

पुढे शिक्षिका झाल्यावर दोन वर्षं मी धारणीला नोकरीत होते. तिथल्या पाड्यांवरची मुलं सागाच्या जंगलातून शाळेत येत. एकदा एका बापाला मी विचारलं, पोरं एकटी कशी पाठवता? तो म्हणाला की वाटेची राखण सगळे करतात. कुणी लाकूड टाकून वाट अडवली तर त्या घराशी कुणी बोलत नाही. मी मान हलवली आणि खोलीवर जाऊन खूप रडले. सोबतच्या बाईंना वाटलं, मला घरची आठवण आली. तसं पाहिलं तर घरचीच आली होती.

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पेरण्या त्याच्या आधी होऊन जातात. त्या हिवाळ्यानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीभर मी मामाकडे होते, शाळेच्या पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी घरी आले. सकाळी आम्ही सगळ्या सायकली घेऊन पांदणीच्या तोंडाशी गेलो, आणि तिथे पांदण नव्हती. सोयाबीन होतं. दोन-दोन पानांचे कोंब, सरळ ओळींत, या वावरातून आणि त्या वावरातून येऊन मध्ये भेटलेले. मधोमध एक पाऊल ठेवण्याइतका धुरा उरला होता. बाबा तिथेच उभे होते, शेणखताच्या ढिगापाशी.

"तासातून नका चालू व पोरीहो," ते म्हणाले. "कोंब मोडतीन."

मी विचारलं, "बाबा, हे काय?"

"देवरावनं आधी एक तास आत घेतला. मी काय पाहात राहू? उद्या सारं गाव मले येडा म्हणन."

"पण तुमी शब्द देला होता."

"त्यानं मोडला पयले."

"आमी मोडला काय?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही, अगदी समजूत घालावी तसं पाहिलं आणि म्हणाले, "तुले काय फरक पडते व? तुले मी सोडतो ना गाडीवर."

हे वाक्य त्यांनी निलोफरच्या देखत म्हटलं. ती कोंबांच्या ओळी बघत होती, भूमितीची चुकलेली आकृती बघावी तशी, कुठे चुकलं ते शोधत. मग तिनं सायकल वळवली. काट्यावरून जायला नको म्हणून थोडं अंतर हातानं उचलून नेली. मी तिच्यामागे धावले नाही, कारण मला बाबांवर ओरडायचं होतं आणि मी ओरडत राहिले. बाबांनी ऐकून घेतलं. त्यांना वाटलं, पोरगी आहे, ओरडेल आणि गप्प होईल.

मी देवरावकाकांकडेही गेले होते. ते म्हणाले, पहिला तास तुझ्या बापानंच घेतला. कोण खरं हे मला आजही माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही राहिली नाही. जमिनीची गरज दोघांनाही नव्हती. त्या चार तासांतल्या सोयाबीननं कुणाचं घर चाललं नाही की अडलं नाही. समोरचा सरकला आणि आपण सरकलो नाही, एवढं त्यांना सोसवलं नाही. मग पोळा आला आणि दोघंही आपले बैल घेऊन एकमेकांशेजारी उभे राहिले, एकमेकांच्या बैलांच्या शिंगांचं कौतुक करत. भांडण मिटलं. पांदण मिटूनच गेली होती.

त्या वर्षापासून आईनं सीतादहीला बाबांना वावरात बोलावणं बंद केलं. "बायकांचं काम हाय," एवढंच म्हणायची. बाबांना त्यातलं काही कळलं असं मला दिसलं नाही.

निलोफरची शाळा तिथे सुटली. रहीमचाचा आमच्या दारात आले नाहीत. गावात पिंजाऱ्याचं घर एकच. दोन शेतकऱ्यांच्या धुऱ्यात तोंड घालायची त्यांची प्राज्ञा नव्हती. ज्यांच्या गाद्या भरायच्या त्यांनाच जाब कसा विचारायचा? मी बाबांना पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, "निलोफर येत नाही शाळेत." "येईन ना," ते म्हणाले आणि गाडीला किक मारली. बाकीच्या मुलींपैकी एक मामाकडे गेली, दोघी काळीपिवळीनं जायला लागल्या, एकीचं काय झालं ते आठवत नाही. मी बाबांच्या मागे बसून मोठ्या रस्त्यानं जायची. ते आरशात बघून काहीतरी विचारायचे. मी उत्तर द्यायची नाही. त्यांना वाटायचं वाऱ्यामुळे ऐकू येत नाही.

फसवणूक म्हटली की माणसाला वाटतं, कुणीतरी लपूनछपून काहीतरी केलं असेल. तसं काही नव्हतं. माझ्या बापानं दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, ट्रॅक्टर लावून मला फसवलं, आणि मला ते कळलं त्या संध्याकाळी माझ्यासाठी गरम भजी आणली. भजी मी खाल्ली नाहीत. ती दादानं खाल्ली.

एवढं सगळं मी अकोल्याच्या मुलांना कसं सांगू? त्यांना सांगू की सायकलनं या, हवा स्वच्छ राहील, पाय मजबूत होतील? ते खरं आहे. पण रस्ता मोठ्या माणसांच्या ताब्यात असतो आणि त्यांना तो हवा झाला की ते परत घेतात. घेताना त्यांना आपण काही घेतलं असंही वाटत नाही. मुलांनी हेल्मेट घालावं, डावीकडून चालावं, हात दाखवून वळावं, सगळे नियम त्यांच्यासाठीच. दिलेला शब्द पाळावा हा नियम कुठल्या चित्रावर लिहितात?

अशात बाबांचा फोन आला. आवाजात उत्साह. "अवं, आपली पांदण होऊन राहिली. सरकारी मोजणी हाय. दादाची ईश्वरी पुढच्या साली वलगावले जाईन ना, तिले ट्रकायच्या रोडनं कसं धाडाचं? मीच अर्ज देला. तू ये. मास्तरीण हायेस, दोन शबूद बोल."

मला फोन ठेवून द्यावासा वाटला. नातीसाठी ट्रकाचा रस्ता धोक्याचा झाला होता. मी रजा टाकली आणि गेले.

वावरात माणसं जमली होती. सरपंच, मोजणीचे दोन कर्मचारी, पांदणीला लागून असलेले शेतकरी, आणि पलीकडे बायांच्या घोळक्यात निलोफर. तिचं लग्न वलगावातच झालं होतं. अब्बा थकल्यावर ती आणि तिचा नवरा गावात येऊन गाद्यांचं दुकान चालवू लागले. तिची आलिया ईश्वरीच्याच वर्गात. निलोफरच्या भुवयांवर तशीच पांढरी लव होती. तिनं मला जवळ ओढलं आणि शेजारी उभं केलं.

बाबा बोलायला उभे राहिले. वय झालंय, आवाज मात्र तोच. मोजणीवाल्या साहेबांना म्हणाले, "साहेब, ही पांदण मी पहिलेही खुली केली होती. पोरींसाठी. ही माही पोरगी याच पांदणीनं शिकली, आज अकोल्याले मास्तरीण हाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवरावकाकांनीही वाजवल्या. माझे कान तापले. मी पुढे व्हायला लागले तर निलोफरनं माझं मनगट धरलं.

"आज तोंड उघडू नको," ती हळूच म्हणाली. "आधी पांदण होऊ दे. माह्या पोरीले जाऊ दे."

आणि तिनंही दोन टाळ्या वाजवल्या.

मोजणी झाली. साहेब म्हणाले, दोन्ही बाजूंनी हद्दीचे दगड पुरून टाकू. बाबांनी हात हलवला. "दगड कायले, साहेब? गावातलीच माणसं हावो. आमचा शब्द हाय ना." शेतकऱ्यांनी माना हलवल्या. साहेबांनाही उशीर झाला होता. तेही बरं म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात निलोफर घोळक्यातून पुढे आली. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला.

"दगड पुरा, काका," ती बाबांना म्हणाली. आवाज चढवला नाही. "शब्द मांगच्या खेपेलेही होता."

देवरावकाका जमिनीकडे बघायला लागले. साहेबांनी मजुराला खूण केली. निलोफर तिथेच उभी राहिली, दोन्हीकडचे दगड पुरून होईपर्यंत, घरी चुलीवर काही ठेवलं असेल किंवा दुकानात गिऱ्हाईक आलं असेल याची पर्वा न करता. मग मला म्हणाली, "जेवाले ये," आणि गेली.

माणसं पांगली. मी आणि बाबा धुऱ्यानं घराकडे निघालो. बाबांचा चेहरा उतरला होता. ते पऱ्हाटीकडे बघत चालले. मग म्हणाले, "तू सांगून ठेवलं होतं काय तिले?"

"नाही."

"मंग एवढ्या लोकाईत असं बोलते काय कोणी? माह्या तोंडावर? मी एवढं केलं तिच्या पोरीसाठी."

मला वाटलं, आता बोलायचं नाही तर कधीच नाही. मी म्हटलं, "बाबा, तुमी पांदण पेरली, म्हणून तिची शाळा सुटली."

ते जागेवरच थांबले. माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी काहीतरी भलतंच बोलले आहे.

"पांदणीपायी?" ते म्हणाले. "आमी तं समजलो, त्यायच्यात पोरीयले जास्त शिकवत नाहीत, म्हणून रहीमनं बसवली घरी. सारं गाव तेच म्हणे."

मी त्यांच्या डोळ्यांत लबाडी शोधली. सापडली असती तर भांडता आलं असतं.